मूग, मुसळी आणि लॅटिनचा तास

पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी करणारी बॉटनीची मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: "लॅटिन येत नाही, मग टॅक्सोनॉमी घेऊ की नको?" भीती खरी आहे. एम.एस्सी. होईपर्यंत आपण दीडदोनशे शास्त्रीय नावं पाठ केलेली असतात, नावाखाली रेघ मारली नाही म्हणून मार्क घालवलेले असतात, आणि त्या नावांचा अर्थ मात्र फारसा कुणी सांगितलेला नसतो. मग लॅटिन म्हणजे काहीतरी चर्चमधलं, परदेशातलं, आपल्याला न झेपणारं, असा समज पक्का होतो.

माझं म्हणणं उलट आहे. मराठी नीट येणाऱ्याला लॅटिन इंग्रजीवाल्यापेक्षा सोपी जाते. फक्त ती इंग्रजीच्या दारातून न शिकता मराठीच्या दारातून शिकायला हवी. हे कसं, ते आज सांगते.

आधी एक शंका संपवू. "आता तर लॅटिन सक्तीची नाही ना?" बरोबर. 1935 पासून 2011 च्या अखेरपर्यंत नवीन वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये दिलं नसेल तर ते नाव वैध धरत नसत. (शैवाल आणि जीवाश्मांचे नियम थोडे वेगळे होते.) 1 जानेवारी 2012 पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्हींपैकी काहीही चालतं. म्हणजे तुम्हाला लॅटिन लिहावी लागणार नाही. पण वाचावी लागेल, कारण लिनियसच्या 1753 च्या ग्रंथापासून पुढचा केवढा तरी मजकूर त्याच भाषेत पडून आहे. तुमच्या हातातली वनस्पती आणि शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी नाव दिलेली वनस्पती एकच आहे का, हे ठरवायचं तर मूळ वर्णन वाचावंच लागतं. ते येत नसेल तर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या भाषांतरावर, आणि बऱ्याचदा भाषांतराच्या भाषांतरावर, प्रबंध उभा करता. व्हायवाला बाहेरचे परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात.

ही भाषा आपल्याकडे कुणाला येत होती, हेही बघायला हवं. आपल्या भागातल्या वनस्पतींवर काम केलेल्या लोकांची नावं काढली की त्यात फादर बरेच निघतात. एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस जेझुइट. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातलं हर्बेरियम आजही त्यांच्याच नावानं ओळखलं जातं. हर्मेनेगिल्ड सांतापाव हे स्पेनमध्ये जन्मलेले जेझुइट. झेवियर्समध्ये शिकवलं, खंडाळा आणि पुरंदरच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिले आणि 1961 ते 1967 या काळात भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचे संचालक होते. या मंडळींना वनस्पतिशास्त्रासाठी वेगळी लॅटिन शिकावी लागली नाही. ती त्यांना शाळेतच मिळाली होती. जेझुइटांनी 1599 मध्ये आपल्या शाळांसाठी एक अभ्यासक्रम ठरवला, त्यात खालच्या वर्गांपासून लॅटिन व्याकरण होतं. पुढे पाद्री होण्यासाठी तत्त्वज्ञान आणि ईश्वरविद्या शिकायची तीही लॅटिनमधूनच. म्हणजे आपण ज्या वयात पाढे आणि संधिविग्रह घोकत होतो, त्या वयात ते विभक्त्या घोकत होते. त्यात जन्मजात हुशारीचा काही संबंध नाही. वेळापत्रकात तास होता, एवढंच.

हा तास भारतात सोळाव्या शतकातच पोचला होता. गोव्याचं सेंट पॉल कॉलेज 1540 च्या दशकात सुरू झालं आणि तिथे लॅटिन शिकवली जायची. थॉमस स्टीफन्स हे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना 'क्रिस्तपुराणा'मुळे माहीत असतं. हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, इकडच्या भाषा शिकला आणि 1583 मध्ये भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यानं नोंदवलं की इकडच्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. संस्कृत आणि युरोपातल्या भाषांच्या नात्याची चर्चा विल्यम जोन्सनं कलकत्त्यात केली ती यानंतर दोनशे वर्षांनी. स्टीफन्सला हे दिसलं कारण त्याच्या कानात शाळेतली लॅटिन होती. त्यानं लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर 1640 मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही लॅटिन व्याकरणाच्या चौकटीत बसवलेलं. त्यानं लॅटिनवरून आपली भाषा ओळखली. आपल्याला फक्त उलट्या दिशेनं चालायचंय.

(अभिजात भाषा कुणाला शिकायला मिळते, हा प्रश्न आपल्याकडे कधीच साधा नव्हता. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत घेऊ दिली नाही म्हणून त्यांनी फारसी घेतली आणि संस्कृत पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकले. "मला ही भाषा झेपणार नाही" असं वाटतं तेव्हा ते वाटणं आपलं स्वतःचं आहे की कुणीतरी आपल्यात भरलंय, हे एकदा तपासून बघा.)

कॅथलिक शाळांमधूनही तो तास आता गेलेला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्ये उपासना लोकांच्या भाषेत करायला वाट मोकळी केली आणि मराठी मिस्सा सुरू झाली. वनस्पतिशास्त्रानं सक्ती सोडली 2012 मध्ये. म्हणजे या बाबतीत आपले शास्त्रज्ञ पोपपेक्षा जास्त कर्मठ निघाले!

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका छोट्या कॅथलिक हायस्कूलमध्ये मी गेल्या पावसाळ्यात नववीच्या मुलांचे काही तास घेतले. मुख्याध्यापिका सिस्टरांनी "झाडांची ओळख करून द्या" एवढंच सांगितलं होतं. झाडांची ओळख करून देणार कोण आणि कुणाला, हा प्रश्नच होता. कारण वर्गातल्या अर्ध्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त झाडं माहीत होती. घरी कुणी भिली बोलतं, कुणी पावरी, कुणी मावची, कुणी अहिराणी. शाळेत मराठी, पुस्तकात अधूनमधून इंग्रजी. म्हणून मी झाडं सोडली आणि नावं घेतली. ते तास कसे घेतले तेच खाली देते, कारण संशोधनाची तयारी करणाऱ्यांनाही सुरुवात तिथूनच करायला हवी.

फळ्यावर पहिल्यांदा मूग लिहिला. लिनियसनं मुगाला नाव दिलं फेसिओलस रेडिएटस. पुढे तो दुसऱ्या प्रजातीत गेला आणि आजचं नाव झालं विग्ना रेडिएटा. मटकीचंही तसंच: आधी फेसिओलस अकोनिटिफोलियस, आता विग्ना अकोनिटिफोलिया. कुळीथ आधी डॉलिकॉस युनिफ्लोरस, आता मॅक्रोटायलोमा युनिफ्लोरम. विचारलं, दुसरा शब्द का बदलला? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पहिलं नाव मुलाचं होतं, आता मुलीचं झालं." आणि कुळथाचं? थोडा वेळ शांतता. मग तीच म्हणाली, "ते 'ते' असेल."

झालं. एम.एस्सी.ला दोन वर्षांत जे कुणी सांगितलं नाही, ते दहा मिनिटांत फळ्यावर आलं.

आता आपण नीट बघू. मराठीत पांढरा घोडा, पांढरी गाय, पांढरं वासरू. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे शेपूट बदलतं. लॅटिनमध्ये अगदी तेच: पांढऱ्यासाठी अल्बस, अल्बा, अल्बम. पुल्लिंगी -अस, स्त्रीलिंगी -आ, नपुंसकलिंगी -अम. प्रजातीचं नाव हे नाम, आणि जातीचं नाव बहुतेकदा त्याचं विशेषण. फेसिओलस पुल्लिंगी म्हणून रेडिएटस. विग्ना स्त्रीलिंगी म्हणून रेडिएटा. मॅक्रोटायलोमा दिसतं स्त्रीलिंगी, पण ग्रीकमधून आलेले -ओमा शेवटाचे असे शब्द नपुंसकलिंगी असतात, म्हणून युनिफ्लोरम. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हे समजावताना घाम फुटतो, कारण इंग्रजीत विशेषण हलतच नाही. हिंदीवाल्याला दोन लिंगं कळतात, तिसरं नाही. मराठीत तिन्ही आहेत. ज्यांच्या घरी वेगळी बोली आहे त्यांच्यापैकी काहींना तर मराठीतलं लिंग शाळेत येऊन नव्यानं शिकावं लागलेलं असतं. त्यांच्यासाठी हा खेळ दुसऱ्यांदाच आहे.

संस्कृत थोडी येत असेल तर आणखी मजा. 'नवीन जात' यासाठी आपण 'स्पेसिज नोवा' लिहितो. हा शब्द लॅटिनमध्ये चालतो नोवस, नोवा, नोवम. संस्कृतात नवः, नवा, नवम्. पाठ करायला काही उरलंच नाही. सेप्टेम म्हणजे सप्त, ऑक्टो म्हणजे अष्ट, डेसेम म्हणजे दश, इग्निस म्हणजे अग्नी, नोमेन म्हणजे नाम. स्टीफन्सला काय दिसलं असेल ते आता तुम्हालाही दिसतंय.

अपवादही घ्यायलाच हवेत, नाहीतर हर्बेरियममध्ये पहिल्याच दिवशी गोंधळ उडेल. पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा. शेवट -अस आहे, मग रिलिजिओसस का नाही? कारण लॅटिनमध्ये अनेक झाडांची नावं रूपानं पुल्लिंगी दिसली तरी स्त्रीलिंगी चालतात, आणि फायकस त्यातलं एक. मराठीतही नुसत्या शेवटावरून लिंग कळतं का? नदी ती, पण पाणी ते आणि हत्ती तो. तिन्हींच्या शेवटी 'ई'च. आपण ते वापरून वापरून शिकलो. इथेही तसंच शिकायचं. उंबर फायकस रेसिमोसा, तेही याच कारणानं.

दुसरा अपवाद आवळ्याचा. भुईआवळा फायलँथस अमारस. अमारस म्हणजे कडू, विशेषण, पुल्लिंगी, सगळं नियमात. पण मोठा आवळा फायलँथस एम्ब्लिका. तो एम्ब्लिकस का झाला नाही? कारण एम्ब्लिका हे विशेषणच नाही. ते आवळ्याचं जुनं नाव आहे, स्वतंत्र नाम, आणि प्रजातीच्या नावाशेजारी तसंच ठेवलंय. नामाला नामाशी लिंग जुळवायची गरज नसते. अर्जुन वृक्षाचं टर्मिनॅलिया अर्जुना, हिरड्याचं टर्मिनॅलिया चेब्युला, हेही असेच नाम म्हणून ठेवलेले शब्द. म्हणून एखादी जात दुसऱ्या प्रजातीत हलवताना आधी विचारायचं: दुसरा शब्द विशेषण आहे की नाम? नावाचं शेपूट बदलायचं की नाही, हे त्यावर ठरतं. संगणकाच्या यादीत 'फाइंड अँड रिप्लेस' मारून हे होत नाही.

आता मुसळी. सातपुड्यातल्या माणसाला सफेद मुसळी सांगायला नको. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम, आणि ते दिलं सांतापाव आणि फर्नांडिस यांनी, 1950 च्या दशकाच्या मध्यावर. बोरिव्हिलिॲनम म्हणजे बोरिवलीचं. होय, लोकलचं स्टेशन असलेली तीच बोरिवली. क्लोरोफायटम हे ग्रीक शब्दांवरून केलेलं नाव, अर्थ 'हिरवी वनस्पती', लिंग नपुंसक. म्हणून शेवट -अम. एका मुंबईच्या उपनगराला लॅटिनची शेपटी लावून ते नाव धडगावच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मुळ्यांवर येऊन बसलंय. वर्गातल्या मुलांना हे सांगितल्यावर एकानं विचारलं, "मग धडगावचं नाव का नाही दिलं?" उत्तर सोपं आहे: नाव देणारा माणूस जिथे पोचला, तिथलं नाव लागलं. हे वाक्य मी मुद्दाम अधोरेखित करतेय. सातपुड्यात अजून कुणीतरी पोचायचं बाकी आहे.

माणसांच्या नावांवरून केलेल्या जातिनामांसाठी आपल्याच राज्यातली एक प्रजाती पुरते: सिरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्प. हिच्या महाराष्ट्रातल्या जाती घ्या आणि षष्ठी विभक्ती शिका. चार्ल्स मॅककॅन यांच्या नावावरून मॅककॅनिआय. नाव व्यंजनानं संपलं, म्हणून शेवटी 'आय' हे अक्षर दोनदा. ह्यूबर यांच्यावरून ह्यूबेराय. नाव '-अर'नं संपलं, म्हणून ते एकदाच. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ महाबळे यांच्यावरून महाबळेआय. नाव 'ए' या स्वरानं संपलं, म्हणून इथेही एकदाच. रोल्ला शेषगिरी राव यांच्यावरून रोल्ली, जे लिहिताना शेवटी 'ए' आणि 'ई' ही दोन अक्षरं येतात. नाव 'आ'नं संपलं, म्हणून शेवट असा, आणि रूप स्त्रीलिंगी दिसत असलं तरी माणूस पुरुष आहे. नूरजहाँ या नावावरून नूरजहानिई. हे मात्र खरंच बाईच्या नावाचं रूप. एवढ्या पाच नावांत नियम जवळजवळ संपला.

इथे मराठीशी एक फरक लक्षात ठेवा. आपल्या षष्ठीत महाबळ्यांचा, महाबळ्यांची, महाबळ्यांचं असं बदलतं, जिच्याबद्दल बोलतोय त्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे. लॅटिन षष्ठी तशी बदलत नाही, प्रजाती कुठलीही असो. पण त्याच माणसाच्या नावाचं विशेषण केलं, म्हणजे शेवटी -आनस, -आना, -आनम लावलं, की ते पुन्हा लिंगाप्रमाणे फिरतं. गावांच्या नावांचंही तसंच. सिरोपेजिया सह्याद्रिका हे विशेषण. सिरोपेजिया पाचगणिएन्सिस हेही विशेषण, मात्र '-एन्सिस' पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगीला सारखंच असतं आणि नपुंसकलिंगी झालं की '-एन्स' होतं. वरईचं पॅनिकम सुमात्रेन्स बघा.

आता वाक्य. अग्रिकोला अक्वाम पोर्टाट. शब्दाला शब्द: शेतकरी पाणी वाहतो. क्रियापद शेवटी, आणि 'द' किंवा 'अ' असलं काही नाही. क्रम बदलून अक्वाम अग्रिकोला पोर्टाट केलं तरी अर्थ तोच, कारण कोण वाहतो आणि काय वाहतो हे क्रमावर नाही, शेपटावर ठरतं. मराठीत "वाघाला रामूनं पाहिलं" आणि "रामूनं वाघाला पाहिलं" यात जंगलातली परिस्थिती बदलत नाही, तसंच. इंग्रजीत क्रम बदलला तर रामूची धडगत नाही.

वनस्पतीच्या वर्णनात तर पूर्ण वाक्यंही फारशी नसतात. एक नमुना मी बनवून देते: हर्बा इरेक्टा, फोलिइस ओपोझिटिस, फ्लोरिबुस अल्बिस. पहिले दोन शब्द प्रथमेत: 'सरळ उभं रोपटं'. पुढच्या शब्दांना -इस आणि -इबुस लागलंय. हे अनेकवचनी रूप, साधारण आपल्या तृतीयेसारखं. म्हणजे 'समोरासमोरच्या पानांनी, पांढऱ्या फुलांनी युक्त'. दुसरा नमुना: फोलिइस लॅटिओरिबुस डिफर्ट. 'जास्त रुंद पानांनी वेगळी ठरते'. नवीन जातीचं वर्णन वाचताना हे 'डिफर्ट' आधी शोधायचं, कारण लेखकाचा सगळा दावा त्याच्याभोवती असतो: कोणापासून वेगळी, आणि कशानं वेगळी.

माझा अनुभव असा की मुलं मोठे शब्द डिक्शनरीत बघतात आणि छोटे शब्द सोडून देतात. घात छोटे शब्दच करतात. सेड म्हणजे पण. वेल म्हणजे किंवा. नॉन म्हणजे नाही. सेपे म्हणजे पुष्कळदा, इंटरडुम म्हणजे कधीकधी, व्हिक्स म्हणजे जेमतेम. "कधीकधी केसाळ" मधलं कधीकधी गेलं की तुमच्या प्रबंधात एक ठाम लक्षण तयार होतं, जे मूळ लेखकानं कधी सांगितलंच नव्हतं. शब्दाला चिकटलेले तुकडेही तसेच. ग्लॅबर म्हणजे केस नसलेलं, गुळगुळीत. ग्लॅब्रेसेन्स म्हणजे आधी केसाळ, पुढे गुळगुळीत होत जाणारं. कोवळं पान हातात घेतलं आणि हा फरक माहीत नसला, की "वर्णनाशी जुळत नाही, ही नवीन जात" असं वाटायला लागतं. सेसिलिस म्हणजे बिनदेठाचं, सबसेसिलिस म्हणजे जवळजवळ बिनदेठाचं, म्हणजेच थोडा देठ आहे.

सगळ्यांत जास्त उपयोगाची लॅटिन मात्र हर्बेरियमच्या शीटवर असते, दोनतीन अक्षरांच्या संक्षेपांमध्ये. लेबलवर 'लेग.' लिहिलेलं असतं ते लेजिट, म्हणजे गोळा केलं. 'डेट.' म्हणजे डिटर्मिनाव्हिट, ओळख ठरवली. ही दोन माणसं वेगळी असू शकतात, दोघांच्या तारखांमध्ये पन्नास वर्षांचं अंतर असू शकतं, आणि प्रबंधात कुणाचं नाव कुठे द्यायचं हे यावर ठरतं. जाता जाता आपल्या भागापुरती एक सूचना: जुन्या लेबलांवर 'नंदुरबार जिल्हा' शोधू नका. हा जिल्हा 1 जुलै 1998 ला धुळ्यातून वेगळा झाला. त्याआधीचं तोरणमाळ धुळे जिल्ह्यात, त्याआधी पश्चिम खानदेशात, आणि 1906 च्या आधी नुसत्या खानदेशात सापडेल.

'एक्स' हा शब्द दोन लेखकांच्या नावांमध्ये येतो. माजी आमदारातला 'एक्स' तो हा नव्हे. इथे अर्थ असा की नाव पहिल्यानं सुचवलं होतं, पण ते रीतसर प्रसिद्ध केलं दुसऱ्यानं. 'ऑक्ट. नॉन' दिसलं तर थांबाच. ऑक्टोरुम नॉन, म्हणजे 'इतर लेखक या नावानं जी वनस्पती समजतात ती, मूळ लेखकाची नव्हे'. एकाच नावाखाली दोन वनस्पती फिरताहेत, असा तो इशारा आहे. औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी हा संक्षेप गाळला, की रिव्ह्यूच्या एकाच तक्त्यात दोन वेगळ्या झाडांची रसायनं एकत्र येतात. पुढची व्यक्ती तो तक्ता उचलते, आणि चूक पक्की होते.

'सीएफ.' आणि 'ॲफ.' हे असेच दोन. सीएफ. म्हणजे कॉन्फर, 'ताडून पाहा'. ओळखणाऱ्याला खात्री नव्हती, बहुधा फूल किंवा फळ मिळालं नव्हतं. ॲफ. म्हणजे ॲफिनिस, 'हिच्या जवळची, पण ही नव्हे'. पहिल्यात शंका आहे, दुसऱ्यात ठाम मत आहे. यादी एक्सेलमध्ये भरताना ही अक्षरं कचरा समजून उडवली जातात, आणि शंका होती तिथे खात्री छापली जाते. तुमच्या जिल्ह्यात न आढळणारी जात तुमच्याच यादीतून जिल्ह्याच्या नोंदीत शिरते ती अशी.

आता शिकायचं कसं? आमच्याकडे विद्यापीठात लॅटिनचा विभाग नाही, आणि तुम्हाला सिसेरो वाचायचाही नाही. विल्यम स्टर्न यांचं 'बोटॅनिकल लॅटिन' हे 1966 चं पुस्तक याच कामासाठी लिहिलंय. स्टर्न यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. तरुणपणी ते केंब्रिजला पुस्तकांच्या दुकानात नोकरी करत होते. वयाची काळजी वाटत असेल तर गांधीजींचं उदाहरण घ्या. लंडनची मॅट्रिक देताना ते पहिल्या खेपेला लॅटिनमध्येच नापास झाले, पुन्हा बसून पास झाले, आणि ती लॅटिन पुढे रोमन कायदा वाचताना कामी आली असं त्यांनी आत्मकथेत सांगितलंय.

व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करू नका, तिसऱ्या आठवड्यात ते कपाटात जाईल. त्याऐवजी अशी सुरुवात करा. तुमच्या गावच्या दहा वनस्पती निवडा, ज्यांना तुम्ही पान न बघताही ओळखता. साग, पळस, महू, सालई, काहीही. प्रत्येकीचं आजचं नाव आणि जुनी नावं लिहा. प्रजातीचं लिंग ठरवा. दुसरा शब्द विशेषण, नाम की षष्ठी, ते ठरवा. सालईच्या नावातलं सेराटा म्हणजे करवतीसारखी दातेरी, सागाच्या नावातलं ग्रँडिस म्हणजे मोठा, असे अर्थ शोधा आणि झाडाकडे जाऊन ते खरे आहेत का बघा. महुआचं लाँगिफोलिया म्हणजे लांब पानांचं, तर त्याच्याच एका प्रकाराचं लॅटिफोलिया म्हणजे रुंद पानांचं. आपल्याकडचा महू कोणता वाटतो, ते स्वतः पट्टी लावून ठरवा.

मग त्यातली एक वनस्पती घ्या आणि तिचं मूळ वर्णन काढा. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर जुने ग्रंथ आणि नियतकालिकं फुकट आहेत. वर्णन चार ओळींचं असेल. त्या चार ओळींना बहुतेक एक अख्खी संध्याकाळ जाईल, दुसऱ्या वनस्पतीला तासभर. शब्द वहीत लिहिताना मराठी अर्थच लिहा, इंग्रजी नको, कारण 'ओपोझिटस'पुढे 'समोरासमोर' लिहिलं की पान डोळ्यासमोर येतं. त्या शाळेतल्या मुलांनी अशी वही केली आहे. त्यात एकानं 'ट्रायफोलिएटा'पुढे 'तीन पानी, पळसासारखं' असं लिहून ठेवलंय. पारिभाषिक कोशात यापेक्षा बरी व्याख्या मला मिळाली नाही.